विकणे आहे : सर्व सरंजामासह सागरगामी नौका

(शिडाच्या नौका : लेखांक सहावा)

‘विकणे आहे. अडतीस फुटी शिडाची सागरगामी नौका. फायबरग्लास, बांधणी १९८४. पृथ्वीप्रदक्षिणेस सज्ज. वाऱ्यावर चालणारे स्वयंसुकाणू, समुद्राचे पाणी गोडे करण्याचे यंत्र, सौरपट्ट्या, रडार, उपग्रह-दूरध्वनी, सहा इसमांचा जीवरक्षक तराफा, नऊ शिडे, चार नांगर. स्थिती उत्तम. मालकास घरगुती अडचणीमुळे विकणे भाग.’

अशा धाटणीचा मजकूर इंग्लंड-अमेरिकेतील नौकानयनविषयक मासिकांच्या मागील पानांवर गेली कित्येक दशके अव्याहत छापला जात आहे, आणि तो इतका ठराविक असतो की नौकेचे नाव व फुटांचा आकडा बदलला असता एकीची जाहिरात दुसरीस खुशाल चालून जावी. महासागर ओलांडण्यास योग्य नौका कोणती, तिचा तळ कसा असावा, शिडांची मांडणी कशी असावी, याचा ऊहापोह मागील लेखांकांत झालेला असल्यामुळे अशी नौका प्रत्यक्षात मिळते कशी, याकडे आता वळणे क्रमप्राप्त आहे. आणि ती बहुधा जुनीच घ्यावी लागते, कारण नवी बांधून घेण्याची ऐपत असलेले लोक सहसा वर्षानुवर्षे समुद्रावर राहू इच्छीत नाहीत, व ज्यांना राहावयाचे असते त्यांच्यापाशी तेवढा पैसा नसतो. सबब जाहिरात हाच या व्यवहाराचा दरवाजा होय. तिच्यातील सर्वांत लांब, सर्वांत मोहक आणि, आमच्या मते, सर्वांत कमी महत्त्वाचा भाग म्हणजे सरंजामाची यादी. ज्यावर माणसांचा जीव अवलंबून असतो तो भाग ‘स्थिती उत्तम’ या दोन शब्दांत उरकलेला असतो.

परंतु यादीस हात घालण्यापूर्वी नौका कोणत्या बंदरात उभी आहे ते पाहावे. दूरच्या प्रवासाच्या नौका विकल्या जाण्याची काही विशिष्ट ठिकाणे आहेत, आणि ती व्यापारी वाऱ्यांनी व वादळांच्या ऋतूंनी ठरविलेली आहेत. युरोपातून निघालेली नौका कॅनरी बेटांतील लास पाल्मास येथे थांबते. तेथून दर वर्षी नोव्हेंबरात नौकांचा एक मोठा तांडा सुमारे २,७०० सागरी मैलांवरील सेंट लुसिया बेटाकडे निघतो, आणि ज्यांचे धैर्य बिस्केच्या उपसागरातच खर्ची पडलेले असते त्यांच्या नौका मागे राहतात. पलीकडे कॅरिबियनमध्ये १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. त्या काळात नौका दक्षिणेस त्रिनिदादमधील चागुआरामासच्या आवारांत अथवा ग्रेनाडात किनाऱ्यावर घेऊन, टेकूंवर उभ्या करून ठेवतात, किंवा ग्वातेमालातील रिओ दुल्से नदीत आतवर नेऊन बांधतात, आणि मालक विमानाने मायदेशी जातो. तो परत येतोच असे नाही. नातवंडे होतात, गुडघे दुखू लागतात, आवाराचे भाडे मात्र महिन्याच्या महिन्याला चालू राहते. अशी नौका जाहिरातीत येते तेव्हा ती दोन-तीन पावसाळे बंद झडपांआड, उष्ण व दमट हवेत काढून आलेली असते. यादीतील उपकरणे तिच्यात जागच्या जागी असतात हे खरे, पण ती चालतात की नाही हे खुद्द मालकासही ठाऊक नसते. ग्रेनाडातील जुन्या नौकेविषयी तर एक प्रश्न हटकून विचारावा : सप्टेंबर २००४ मध्ये ‘इव्हान’ चक्रीवादळ त्या बेटावरून गेले तेव्हा ही कोठे होती?

प्रशांत महासागरात हाच प्रकार न्यूझीलंडात आढळतो. तेथील उष्ण कटिबंधात नोव्हेंबर ते एप्रिल चक्रीवादळे होत असल्यामुळे टोंगा-फिजीकडील नौका ऋतू संपता संपता दक्षिणेस उतरून ओपुआसारख्या बंदरांत येतात. युरोप-अमेरिकेतून निघालेल्या जोडप्याची तोवर जवळजवळ अर्धी पृथ्वी पालथी घालून झालेली असते, उरलेली अर्धी पुढे दिसत असते, आणि याच ठिकाणी पुष्कळांचा संकल्प सुटतो. आमच्या मते विकत घेण्याजोग्या उत्तम नौका येथेच मिळतात. कारण त्या नुकत्याच समुद्रावरून उतरलेल्या असतात, त्यांच्यावरचे जे मोडावयाचे ते वाटेत मोडून दुरुस्त झालेले असते, आणि उपकरण चालते काय या प्रश्नाला मालक ‘गेल्या आठवड्यात चालत होते’ असे उत्तर देऊ शकतो. मलेशियातील लंगकावी आणि थायलंडातील फुकेत ही आणखी दोन ठिकाणे. २००८ नंतरची काही वर्षे सोमाली चाच्यांच्या उपद्रवामुळे एडनचे आखात व तांबडा समुद्र हा युरोपचा जवळचा मार्ग धोक्याचा झाला, तेव्हा केप ऑफ गुड होपचा वळसा घेण्याची उमेद नसलेल्या अनेकांनी नौका तेथेच विकावयास काढल्या. ‘घरगुती अडचण’ या शब्दांचा अर्थही जाता जाता सांगून टाकावा : पतिपत्नींपैकी एकाला समुद्र पुरेसा झाला. त्यामुळे नौकेच्या गुणांत उणे येत नाही. किंमत मात्र उतरते.

आता यादी. तिच्यात पहिला मान वाऱ्यावर चालणाऱ्या स्वयंसुकाणूला दिलेला असतो आणि तो रास्त आहे. दोन माणसे तीन-चार आठवडे समुद्रावर असताना त्यांनी अहोरात्र आळीपाळीने सुकाणू धरून बसणे शक्य नाही. विजेवर चालणारे यंत्र ते काम करते, परंतु ते बॅटरी रिकामी करते आणि खाऱ्या पाण्याने बिघडते. वातसुकाणूस वीज लागतच नाही. नौकेच्या पिछाडीस पोलादी नळ्यांच्या चौकटीवर हलक्या लाकडाचे एक उभे पाते बसविलेले असते, आणि नौका इष्ट दिशेने चालू लागली की त्या पात्याची कड वाऱ्याकडे करून ते अडकवून देतात. नौका ढळली की वारा पात्याच्या अंगावर येतो, पाते कलते, आणि कलताना खाली पाण्यात सोडलेले एक वल्हे त्याच्या उभ्या आसाभोवती किंचित वळविते. वल्हे वळताच नौकेच्या गतीमुळे मागे वाहणारे पाणी त्यास जोराने एका अंगास लोटते. वल्ह्याला बांधलेल्या दोऱ्या कप्प्यांवरून सुकाणूच्या दांड्यापर्यंत गेलेल्या असतात, त्या ताणल्या जातात, आणि नौका पुन्हा मार्गावर येते. दिशा वाऱ्याने सांगावयाची आणि बळ पाण्याने पुरवावयाचे अशी ही वाटणी असल्यामुळे वारा वाढून नौका जसजशी वेगात जाते तसतसे यंत्राचे बळही वाढते. मनुष्याचे हात जेव्हा थकतात तेव्हा ते अधिक जोमाने काम करते. ब्रिटिश रॉयल मरीन्समधील निवृत्त अधिकारी ब्लॉन्डी हॅस्लर यांनी हे साधन रूढ केले; एकट्याने अटलांटिक ओलांडण्याची १९६० सालची पहिली शर्यत याच गृहस्थांच्या कल्पनेतून निघाली. जुन्या नौकेवर हे यंत्र असले तर वल्हे हाताने दोन्ही बाजूंस हलवून पाहावे. बेअरिंगे झिजून खडखड करीत असली, नळ्या कोठे वाकून सरळ केल्याच्या खुणा असल्या, तर ते एकदा बंदराच्या धक्क्यावर आपटले आहे असे समजण्यास हरकत नाही.

या यंत्राचे महत्त्व भारतीय वाचकांच्या ओळखीच्या एका दर्यावर्दीच्या अनुभवावरून कळून येते. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून २०१२-१३ साली मुंबईहून निघून कोठेही न थांबता मुंबईस परत येणारे नौदलाचे अधिकारी अभिलाष टॉमी हे एकट्याने पृथ्वीभोवती जाण्याच्या २०१८ च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत गोव्यातच बांधलेली ‘तुरीया’ घेऊन उतरले, आणि दक्षिण हिंदी महासागरात तिच्या डोलकाठ्या मोडून स्वतः जबर जखमी झाले, हे सर्वश्रुत आहे. २०२२ सालच्या पुढील खेपेस त्यांनी जी नौका नेली ती मात्र जुन्या बाजारातली : ‘रसलर ३६’ या इंग्रजी बनावटीची, आणि ‘वन अँड ऑल’ या नावाने २०१८ च्याच शर्यतीत दुसऱ्या एका स्पर्धकाने पृथ्वीभोवती नेऊन आणलेली. तिचे नाव बदलून ‘बयानात’ ठेवण्यात आले. (नौकेचे नाव बदलणे अशुभ मानणाऱ्या पाश्चात्त्य खलाशांनी या उदाहरणाचा विचार करावा.) या शर्यतीचा दंडकच असा की नौकेचा आराखडा १९८८ पूर्वीचा हवा, कील (तळाखालचा जड कणा) लांब हवी आणि सुकाणू तिच्या मागच्या कडेला जोडलेले हवे, त्यामुळे तिच्यातील स्पर्धकांना बहुतांशी वापरलेल्या नौकांच्याच बाजारात फिरावे लागते. दक्षिणेकडील महासागरात टॉमींचे स्वयंसुकाणू पुनःपुन्हा मोडले, आणि त्याची पाती करण्यासाठी नौकेतील शौचकूपाचे दारदेखील कामी आले. निघालेल्या सोळांपैकी ते दुसरे आले. २९ एप्रिल २०२३ रोजी, २३६ दिवसांनी. जाहिरातीतील यादीत दाराची नोंद कोणी करीत नाही.

यादीतील इतर वस्तूंविषयी इतक्या विस्ताराची गरज नाही, कारण त्यांतील जवळजवळ प्रत्येकीला मुदत आहे आणि ती मुदत जाहिरातीत लिहिलेली नसते. गोड्या पाण्याच्या यंत्रात समुद्राचे पाणी हवेच्या दाबाच्या पन्नासपटींहून अधिक दाबाने एका सूक्ष्म पडद्यातून रेटले जाते. यंत्र रोज चालविले तर हा पडदा वर्षानुवर्षे टिकतो, परंतु रसायनात न मुरवता काही आठवडे तसाच सोडला तर त्यावर जंतूंचा थर चढतो, आणि बंदरातील नळाच्या पाण्यातील क्लोरीन त्यास स्पर्शले तर तो कायमचा निकामी होतो. म्हणजे दोन वर्षे टेकूंवर असलेल्या नौकेतील ‘ताशी साठ लिटर’ हा आकडा निव्वळ इतिहास असू शकतो. बॅटऱ्या, सौरपट्ट्या, रडार यांची गत थोडीफार हीच. आपत्काळी उपग्रहास हाक देणारी जी दिवटी असते, जिला दर्यावर्दी मंडळी ईपर्ब म्हणतात, तिच्या बाबतीत तर आणखी एक गोम आहे : ती ४०६ मेगाहर्ट्झवर जो संकेत पाठविते त्यात कोणत्या देशाची, कोणती दिवटी, हे गुंफलेले असते, आणि त्या देशाच्या दप्तरी तिच्यापुढे मालकाचे नाव व घरचा दूरध्वनी नोंदलेला असतो. नौका विकली गेली आणि नोंद बदलली नाही, तर नवा मालक हिंदी महासागरात बुडू लागला असता चौकशीची घंटा ओहायो किंवा ब्रिस्टलमधील एखाद्या सेवानिवृत्ताच्या दिवाणखान्यात वाजावयाची.

जीवरक्षक तराफ्याची तपासणी ठराविक मुदतीने अधिकृत कर्मशाळेतून करून घ्यावी लागते, आणि जुना तराफा उघडला असता त्याचे सांधे सुटलेले आढळणे मुळीच दुर्मीळ नाही. परंतु त्याच्याविषयी खरी ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. ऑगस्ट १९७९ मधील फास्टनेट शर्यतीत ३०३ नौका निघाल्या, आयरिश समुद्राच्या तोंडाशी त्यांना वादळाने गाठले, आणि पंधरा स्पर्धक मृत्यू पावले. त्या वादळात चोवीस नौका माणसांनी सोडून दिल्या. त्यांपैकी बुडाल्या केवळ पाच. उरलेल्या एकोणीस पुढे तरंगताना सापडल्या व ओढून आणल्या गेल्या, आणि ज्यांनी त्या सोडून तराफ्यांचा आश्रय केला त्यांतील कित्येक परत आले नाहीत. तेव्हा यादीत तराफा आहे की नाही यापेक्षा तो वापरण्याची पाळी येऊ न देणारे तारवाचे अंग शाबूत आहे की नाही, हा प्रश्न वरच्या पायरीचा आहे. येथून ‘स्थिती उत्तम’ या दोन शब्दांची झडती सुरू होते.

ही झडती सर्व्हेअर घेतो, आणि तो खरेदीदाराने स्वतः शोधावा व त्याची फी स्वतःच द्यावी. दलालाने सुचविलेला सर्व्हेअर कितीही सज्जन असला तरी त्याच्या पुढच्या महिन्याच्या कामाचा पुरवठा त्याच दलालाकडून होत असतो. नौका पाण्याबाहेर काढून पट्ट्यांवर टांगली की हा इसम खिशातून एक लहानशी हातोडी काढतो आणि नाळेपासून पिछाडीपर्यंत वितीवितीच्या अंतरावर टकटक करीत जातो. घट्ट फायबरग्लासचा आवाज खणखणीत, छोटा व एकजात येतो. ज्या ठिकाणी थर सुटलेले असतात, किंवा दोन थरांमधील बाल्सा लाकूड पाण्याने कुजलेले असते, तेथे तोच ठोका बद्द होतो, आणि हा बदल इतका स्पष्ट असतो की शेजारी उभ्या असलेल्या अनभिज्ञालाही कळावा. बद्द आवाजाच्या हद्दीवर तो खडूने रेघ ओढतो. डेकवर तर हे काम विशेष निगुतीने करावे लागते, कारण डेकवर सागवानाच्या पट्ट्या बसविण्याची १९७०-८० च्या दशकांतील हौस शेकडो स्क्रूंनी पुरविलेली असते, आणि प्रत्येक स्क्रू हा पाण्याला आत जाण्याचा एक मार्ग असतो. छायाचित्रात सर्वांत देखणी दिसणारी ती सागवानी डेक पुष्कळदा नौकेवरील सर्वांत खर्चिक व्याधी ठरते. आम्हांस विचाराल तर जिच्यावर सागवान नाही अशी नौका घ्यावी आणि नेत्रसुखाकरिता दुसऱ्याची पाहावी.

पाण्याखालच्या अंगावर लहानमोठे फोड आढळतात त्यांना घाबरून जाण्याचा एक काळ होता. पॉलिएस्टर राळेतून वर्षानुवर्षे झिरपलेले पाणी आतील विद्राव्य द्रव्यांशी मिळून आम्ल द्रव तयार करते, तो द्रव आणखी पाणी ओढून घेतो, आणि दाब वाढून वरचा थर फुगतो. फोड फोडला तर सिरक्यासारखा वास येतो. थोडे फोड हे वयाचे लक्षण समजावे. परंतु काही वेळा सबंध पिढीच या विकाराने ग्रस्त असते. रॉबर्ट पेरी यांनी आराखडा केलेली ‘व्हॅलियंट ४०’ ही अमेरिकन नौका दूरच्या प्रवासाच्या नौकांत मानाची गणली जाते, पण १९७६ ते १९८१ च्या सुमारास बांधलेल्या तिच्या भावंडांत अग्निरोधक राळ वापरली गेली आणि त्यांच्या अंगावर फोडांचे मोहोळ उठले. ते पाण्याच्या रेषेवरही, डेकवरही आले. म्हणून जाहिरातीत नाव ‘व्हॅलियंट ४०’ वाचून हर्ष झाला तरी नजर आधी बांधणीच्या सालावर जावी. ते साल त्या मुदतीत पडत असेल तर किंमत पुष्कळच खाली असते, आणि एवढे सोडले तर नौका तितकीच चांगली असते. घेणाऱ्याने आपला हिशेब आपण करावा.

डोलकाठीस आधार देणाऱ्या पोलादी तारा दहा-बारा वर्षांनी बदलाव्या असा विमा कंपन्यांचा सर्वसाधारण आग्रह असतो. तारा नजरेस दिसतात, त्यामुळे त्यांची काळजी कोणीतरी घेतो. त्या ज्यांना अडकविलेल्या असतात त्या पोलादी पट्ट्या मात्र डेकमधून खाली जाऊन कपाटांच्या पाठीमागे, फायबरग्लासच्या आत गडप झालेल्या असतात. गंज न धरणारे म्हणविणारे पोलाद हवेतील प्राणवायूमुळेच न गंजता राहते. डेकमधील फटीत, जेथे पाणी साचते पण हवा पोचत नाही, तेथे ते आतल्या आत चिरत जाते, आणि वरून पट्टी आरशासारखी लखलखीत दिसते. कपाट उखडल्याशिवाय ती पाहता येत नसेल तर कपाट उखडण्याची परवानगी मागावी. मालकाने नाही म्हटल्यास तेही एक उत्तरच आहे. पाण्याखालील तोट्यांचे असेच : साध्या पितळेतील जस्त खाऱ्या पाण्यात झिजून जाते आणि मागे सच्छिद्र तांबे उरते. सर्व्हेअर तोटीवरचा हिरवट थर चाकूच्या टोकाने खरवडतो. खाली पिवळा धातू चमकला तर पुढे सरकतो, गुलाबी झाक दिसली तर वहीत नोंद करतो. एवढ्याशा गुलाबी रंगावर नौका तरंगणार की बुडणार हे अवलंबून असते.

कीलविषयी एकच प्रकरण सांगतो. मे २०१४ मध्ये ‘चीकी रफीकी’ ही चाळीस फुटी नौका अँटिग्वाहून साउथॅम्प्टनला परतत असताना अटलांटिकच्या मध्यावर तिची कील सुटून पडली, नौका उलटली आणि चौघेही बुडाले. ब्रिटिश सागरी अपघात चौकशी विभागाच्या अहवालात पूर्वी नौका जमिनीस लागल्याच्या प्रसंगांचा आणि दुरुस्त्यांचा उल्लेख आला, व कील तळाशी जेथे बोल्टांनी जोडलेली असते तेथील आतली बांधणी सुटलेली असूनही बाहेरून ओळखू येणे कसे कठीण असते, याकडे लक्ष वेधले गेले. सबब बोल्टांची कील असलेल्या नौकेच्या मालकास ती कधी, कोठे, किती जोराने लागली होती हे स्पष्ट विचारावे. आणि सांध्याच्या पुढच्या टोकाशी बारीक भेग, आत बोल्टांभोवती गंजाचे ओघळ, यांची रुजुवात घ्यावी. जुन्या लांब कीलच्या नौकांत शिसे वा लोखंड बहुधा फायबरग्लासच्या आतच ओतलेले असल्यामुळे ही भीती कमी.

तारवाचे अंग शाबूत असले म्हणजे काय होते, हे ‘वेस्टसेल ३२’ जातीच्या ‘सटोरी’ या नौकेने दाखवून दिले आहे. ऑक्टोबर १९९१ च्या अखेरीस अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळ जे भयंकर वादळ झाले, त्यात तिच्यावरील तिघांना तटरक्षकांनी हेलिकॉप्टरने उचलून घेतले. नौका तशीच सोडून दिली. पुढे ती मेरीलँडच्या वाळूवर लागलेली, जवळजवळ धड, सापडली आणि पुन्हा पाण्यात सोडण्यात आली. या ‘वेस्टसेल’चे कूळ विल्यम ॲटकिन यांच्या १९२०-३० च्या दशकातील आराखड्यांपर्यंत जाते, आणि त्याच कुळातील एक नौका १९६० च्या दशकात मुंबईत, सागवानात, बांधली गेली : रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहैली’. १९६८ साली पृथ्वीप्रदक्षिणेसाठी त्यांना नवी, मोठी, पोलादी नौका हवी होती. ‘सुहैली’ विकून त्या पैशाची भर नव्या नौकेत घालावी असा बेत होता, पण तो जमला नाही, आणि नाइलाजाने तिच्यातूनच ते १४ जून १९६८ रोजी फालमथहून निघाले व २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, तेथेच परतले. एकट्याने न थांबता पृथ्वीभोवती जाणारे ते पहिले. भारतीय सेनेच्या ‘तृष्णा’चे उदाहरण याहून जवळचे. १९८५ ते १९८७ मध्ये मुंबईहून निघून मुंबईस परतलेली ही पहिली भारतीय पृथ्वीप्रदक्षिणा ज्या नौकेतून झाली ती फिनलंडमध्ये बांधलेली सदतीस फुटी ‘स्वान’ होती. ती इंग्लंडात जुनी घेऊन, समुद्रमार्गेच मुंबईस आणलेली. म्हणजे प्रदक्षिणेआधी इंग्लंड ते मुंबई ही तिची आणि खलाशांचीही परीक्षा झालेली होती, आणि जुनी नौका घेणाऱ्यास याहून शहाणपणाचा क्रम सुचविता येणार नाही.

दस्तऐवजांचा भाग रूक्ष आहे, पण तो टाळून चालत नाही. ब्रिटिश नोंदणीच्या कायद्यात जहाजाचे चौसष्ट हिस्से मानतात. विक्रेत्याच्या नावे चौसष्टच्या चौसष्ट आहेत काय, की काही त्याच्या भावाच्या अथवा पूर्वीच्या पत्नीच्या नावे आहेत, हे नोंदणीच्या उताऱ्यावरून पाहावे. जमिनीच्या सात-बारावर जसा बोजा चढतो तसा तो नौकेवरही चढतो. फरक इतकाच की खलाशांचे थकलेले वेतन किंवा समुद्रात केलेल्या बचावाचे देणे असे काही दावे उताऱ्यावर कोठेही न दिसता नौकेला चिकटलेले असतात, मालक बदलला तरी सुटत नाहीत, आणि नव्या मालकास त्यांची वार्ता बंदरात जप्तीचा कागद डकविला जातो तेव्हा लागते. आवाराचे भाडे थकले असेल तर ते मिळेपर्यंत नौका अडकवून ठेवण्याचा हक्क आवारवाल्यास पुष्कळ ठिकाणी असतो. युरोपात नौकेवर मूल्यवर्धित कर भरल्याची मूळ पावती मिळाली नाही तर किमतीचा निकालच बदलतो. म्हणून बयाणा, जो सामान्यतः दहा टक्के असतो, विक्रेत्याच्या हाती न देता दलालाच्या विश्वस्त खात्यात ठेवावा, आणि सर्व्हे व समुद्रावरील चाचणी समाधानकारक झाली नाही तर तो परत मिळेल हे खरेदीच्या करारात लिहून घ्यावे. चाचणीस जाताना यंत्र थंड असतानाच सुरू करण्याचा आग्रह धरावा. मालकाने ते आधीच तापवून ठेवलेले असेल तर त्याने सकाळी कोणता धूर लपविला ते कळणार नाही.

किमतीविषयी अखेर इतकेच की सरंजामावर खर्च झालेली रक्कम विक्रेत्यास परत मिळत नाही, आणि हे त्याला कोणी पटवून देऊ शकत नाही. त्याने पाणी गोडे करण्याच्या यंत्रावर, रडारवर, नऊ शिडांवर जे ओतले त्याचा जमाखर्च तो पै-पैने जाहिरातीच्या आकड्यात मिळवितो. खरेदीदाराने ज्या वस्तूंची मुदत संपली त्यांची किंमत शून्य धरून, वर तारा, तोट्या, तराफा व बॅटऱ्या बदलण्याचा खर्च वजा करून, मगच बोलणी सुरू करावी. खरेदीच्या रकमेच्या चतुर्थांशाइतकी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीस बाजूला ठेवणारा माणूस अतिसावध म्हटला जात नाही. आणि नऊ शिडांपैकी किती पिशवीतून कधीच बाहेर निघाली नाहीत, किती उन्हाने इतकी कुजली की बोटाने शिवण उसवते, आणि वादळासाठी ठेवलेले ते लहान, जाड, नारिंगी शीड मालकास कधी प्रत्यक्ष चढविता आले होते काय, याचा विचार पुढील लेखांकात शिडांच्या कापडाबरोबर करू.